सकाळचा खेळ आणि शुक्रवारचा गल्ला

सोलापुरात नवा मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो आणि पुष्कळदा पुढच्या शुक्रवारच्या आत उतरतो. मधल्या सात दिवसांत त्याच्या वाट्याला आलेला खेळ कोणता, हे जाहिरातीत पाहिले तर तो अनेकदा एकच असतो आणि तोही सकाळी दहाच्या आगेमागे. त्या वेळी यंत्रमाग कामगार मागावर उभा असतो, विड्या वळणारी बाई आदल्या दिवशीचा माल कारखान्यात देण्याच्या घाईत असते, शिक्षक वर्गात असतो आणि नवी पेठेतला दुकानदार नुकताच दुकान उघडत असतो. आठवड्याअखेर मात्र एक वाक्य ठरल्यासारखे ऐकू येते, की मराठी माणूसच मराठी चित्रपट पाहत नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटत आले आहे, कारण त्यात हिशेबाची निम्मी बाजू गाळलेली असते. चित्रपट कोणी पाहिला हे विचारण्याआधी तो कोठे, किती वाजता आणि किती दिवस दाखवला गेला, हे विचारावे लागते. या तिन्ही गोष्टी पैशाने आणि प्रसिद्धीने ठरतात. तो हिशेब किचकट असला तरी समजण्यापलीकडचा नाही.

सुरुवात एका तिकिटापासून करू. समजा, आपण १७७ रुपयांचे तिकीट काढले. १०० रुपयांपेक्षा महाग तिकिटावर १८ टक्के जीएसटी असल्याने त्यातले २७ रुपये सरकारकडे जातात आणि १५० रुपये उरतात. करासह जमलेल्या रकमेला या धंद्यात ‘ग्रॉस’ म्हणतात, तर कर वजा जाता उरलेल्या रकमेला ‘नेट’. या नेटची वाटणी चित्रपटगृह आणि निर्मात्याचा चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवणारा वितरक यांच्यात होते आणि वितरकाच्या वाट्याला ‘शेअर’ म्हणतात. २००९ मध्ये हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात या वाटणीवरून मोठा वाद झाला आणि सुमारे दोन महिने मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. अखेर जी तडजोड झाली, तिच्यानुसार वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि चौथ्यापासून पुढे ३० टक्के असे प्रमाण ठरले. एकपडदा चित्रपटगृहांचे करार वेगळे असतात. तेथे कधी आठवड्याचे ठरावीक भाडे असते, तर कधी वेगळी टक्केवारी. मात्र आठवडा सरत जाईल तसा निर्मात्याच्या बाजूचा वाटा घटत जातो, ही मल्टिप्लेक्सची रीत या उतरत्या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

पहिल्या आठवड्यातल्या आपल्या तिकिटातून म्हणजे ७५ रुपये वितरकाकडे गेले. त्याने समजा १० टक्के कमिशन घेतले, तर निर्मात्यासाठी ६७ रुपये ५० पैसे उरतात. तेही लगेच त्याच्या हाती पडत नाहीत, कारण प्रदर्शनासाठी आणि प्रसिद्धीसाठी वितरकाने पुढे केलेला पैसा त्यातून आधी वळता होतो. मध्यंतरात घेतलेल्या पॉपकॉर्नच्या पैशात निर्मात्याचा वाटा नसतो, आणि ऑनलाइन तिकीट काढताना वर द्यावे लागणारे सोयीचे शुल्कही या हिशेबाबाहेर राहते.

आता हेच गणित एका पूर्ण चित्रपटाला लावून पाहू. समजा, चित्रपट तयार करायला २ कोटी रुपये लागले आणि तो लोकांपर्यंत पोहोचवायला आणखी ७५ लाख, म्हणजे एकूण पावणेतीन कोटी. तिकिटामागे ६७ रुपये ५० पैसे धरले, तर केवळ मुद्दल वसूल होण्यासाठी ४ लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली पाहिजेत. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. म्हणजे या शहरातल्या तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत दर पाच माणसांमागे दोघांनी तिकीट काढावे, एवढी ही संख्या झाली. एका खेळाला सरासरी १५० प्रेक्षक आले, तर सुमारे २,७०० खेळ लागतील. राज्यभरात रोज २०० खेळ मिळाले, तर हे काम साधारण दोन आठवड्यांत होईल. रोज १०० खेळ मिळाले, तर जवळजवळ चार आठवडे लागतील, पण तोपर्यंत वाटा ३० टक्क्यांवर आलेला असेल आणि तिकिटामागे वितरकाला ७५ ऐवजी ४५ रुपयेच मिळू लागलेले असतील. म्हणजे उशिराने भरलेली खुर्चीही निर्मात्याला पहिल्या आठवड्यातल्या खुर्चीइतके देत नाही. निर्माते शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांसाठी एवढे जिवावर उदार का होतात, याचे उत्तर या उतरत्या वाट्यात बऱ्याच अंशी आहे.

याच कारणाने वर्तमानपत्रात छापून येणारा ‘गल्ला’ वाचताना सावध राहावे लागते. कोटींचा जो आकडा छापला जातो, तो बहुधा ग्रॉस किंवा नेट असतो आणि निर्मात्याच्या हाती त्याचा निम्मा भागही येत नाही. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा खर्च सुमारे ४ कोटी सांगितला जातो आणि त्याचा गल्ला १०० कोटींच्या पुढे गेल्याचे सर्वांनी वाचले. त्या वेळी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, त्यामुळे राज्यातल्या ग्रॉस आणि नेट यांत आजच्यासारखे अंतर नव्हते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि १०० रुपयांवरच्या तिकिटावर २८ टक्के कर मराठी चित्रपटालाही लागू झाला. जानेवारी २०१९ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर फक्त ५ टक्के कर आहे. स्वस्त तिकिटाच्या चित्रपटगृहांना याचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते. तिकीट स्वस्त झाले की लोक येतात, हे २३ सप्टेंबर २०२२ रोजी दिसले होते. त्या दिवशी मल्टिप्लेक्सच्या संघटनेने देशभर ७५ रुपयांना तिकीट ठेवले आणि संघटनेच्या म्हणण्यानुसार ६५ लाख प्रेक्षक आले.

‘सैराट’विषयी आणखी एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिचा उल्लेख फार वेळा अर्धवट होतो. नवे चेहरे, गावाकडची भाषा आणि तरीही एवढे यश, यावरून ‘चांगल्या चित्रपटाला प्रसिद्धी लागत नाही’ असा अर्थ काढला जातो. हा अर्थ बरोबर नाही. त्या चित्रपटामागे दूरचित्रवाणीचे मोठे जाळे असलेला उद्योगसमूह होता, अजय-अतुल यांची गाणी प्रदर्शनाआधीच घरोघर पोहोचली होती, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवलाही गेला होता. प्रसिद्धीने त्याला पहिला शुक्रवार मिळवून दिला. त्यानंतरचे आठवडे त्याने स्वतःच्या गुणावर मिळवले, आणि एवढा मोठा प्रतिसाद कोणत्याही जाहिरातीने विकत घेता आला नसता. प्रसिद्धीचे काम आणि कलाकृतीचे काम यांची सीमा मला येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

प्रसिद्धीने नेमके काय विकत मिळते, हे समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जायला नको. सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा नावाची जत्रा भरते, तेव्हा प्रवेशाजवळच्या मोक्याच्या जागेला आणि शेवटच्या ओळीतल्या जागेला सारखेच मोल नसते, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असते. बांगड्या त्याच असतात, भावही तोच असतो, पण शेवटच्या ओळीपर्यंत माणूस पोहोचेतो त्याचा खिसा हलका झालेला असतो आणि लेकरू झोपाळलेले असते. चित्रपटगृहात सायंकाळी सहा-साडेसहाचा खेळ ही मोक्याची जागा असते आणि सकाळी दहाचा खेळ ही शेवटची ओळ. ही जागा कोणाला द्यायची हे चित्रपटगृहाचा चालक ठरवतो, आणि तो ठरवतो ते चित्रपट पाहून नव्हे, कारण प्रदर्शनाआधी त्याने तो बहुधा पाहिलेला नसतो. झलक किती लोकांनी पाहिली, गाणे रिक्षात वाजते की नाही, कलाकार कोणत्या मालिकेत येऊन गेले, आगाऊ बुकिंग किती आहे, हे पाहून त्याला अंदाज बांधावा लागतो. म्हणजे प्रसिद्धीवरचा बराचसा पैसा प्रेक्षकाकडे पाहून खर्च झालेला दिसत असला, तरी त्याचा पहिला वाचक चित्रपटगृहाचा चालक असतो.

सोमवारी सकाळी त्या चालकाच्या हाती रविवारपर्यंतचे डीसीआर, म्हणजे रोजच्या विक्रीचे तक्ते असतात. कोणत्या खेळाला किती खुर्च्या भरल्या हे त्यात असते, पण तो खेळ किती वाजताचा होता याची सवलत त्या तक्त्यात कोणी देत नाही. दहाच्या खेळाला १८ प्रेक्षक आले, एवढेच तेथे उरते. त्या आकड्यावर पुढच्या आठवड्याचे खेळ कापले जातात आणि चित्रपट उतरतो. ज्याला वाईट वेळ मिळाली, त्याचा आकडा वाईट येतो आणि वाईट आकड्याच्या आधारे ती वेळही जाते. या चक्राला मी अन्याय म्हणतो, पण चालकाला खलनायक ठरवत नाही. त्याला वीजबिल, पगार आणि वातानुकूलनाचा खर्च रिकाम्या खुर्च्यांवरही भरावा लागतो.

सोलापूरची स्पर्धा तर आणखी वेगळी आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे, त्यामुळे येथे हिंदी आणि मराठीच्या बरोबरीने तेलुगू चित्रपटालाही हक्काचा प्रेक्षक आहे. एखाद्या शुक्रवारी मोठा हिंदी, मोठा तेलुगू आणि छोटा मराठी असे तीन चित्रपट एकत्र आले, तर पडदे तेवढेच असल्याने कोणाला तरी सरकावे लागते. तेलुगू प्रेक्षकाचे आपल्या ताऱ्यावरचे प्रेम मला कौतुकाचे वाटते. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ तो सण मानतो, आणि हा सण त्या उद्योगाने कित्येक वर्षे निगुतीने जपला आहे. तेही एक प्रकारचे विपणनच आहे.

वितरणाचा नकाशाही येथे ध्यानात घ्यावा लागतो. चित्रपट व्यवसायाने देशाचे ‘सर्किट’ नावाचे विभाग पाडले ते फार जुन्या काळी, आणि ते आजच्या राज्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. सोलापूर मुंबई सर्किटमध्ये येते, पण तासा-दीड तासावरचे धाराशिव, पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याचा भाग म्हणून, निजाम सर्किटमध्ये मोडते. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षे झाली, तरी हक्कांच्या खरेदीविक्रीत ते नाव टिकून आहे. फिल्मच्या रिळांचा जमाना होता, तेव्हा प्रत्येक प्रत महाग पडे, म्हणून मोजक्याच प्रती निघत. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत आणि आपल्याकडे मागाहून येत. उपग्रहामार्फत आणि हार्ड डिस्कवर चित्रपट येऊ लागल्यावर सोलापूर आणि मुंबई यांचा शुक्रवार एक झाला, ही मोठी सोय झाली. मात्र चित्रपटगृहातल्या नव्या डिजिटल यंत्रांचा खर्च भरून काढण्यासाठी ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ नावाचे शुल्क सुरू झाले, आणि ते चित्रपटाच्या बाजूने, पडद्यागणिक भरावे लागते. छोट्या निर्मात्याला प्रत्येक वाढीव गाव म्हणजे आधी खिशातून जाणारी रक्कम असते, म्हणून तो सोलापूर घेतो आणि बार्शी, पंढरपूर सोडतो.

पैसा आणि प्रसिद्धी यांची ही गाठ चित्रपटाच्या जन्मापासूनची आहे. दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून इंग्लंड गाठले, यंत्रसामग्री आणली, पण चित्रपट काढायला भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, हे एकेक चौकट टिपत कित्येक दिवस चित्रित केले आणि ती छोटी फीत दाखवून भांडवलदाराचा विश्वास मिळवला. आज निर्माते भांडवल उभे करायला दोन-तीन मिनिटांचा नमुना घेऊन फिरतात, त्याचा मूळपुरुष हा वाटाण्याचा वेल आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे सुरतेला तो नेला, तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले, अशी आठवण चित्रपटाच्या इतिहासात सांगितली जाते. तेथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायची सवय होती, तीन आण्यांचा दीड-दोन तासांचा खेळ त्यांना परवडेना. फाळक्यांनी चित्रपटाला हात लावला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असे त्यांनी लोकांना सांगितले. लांबी तासांऐवजी मैलांत सांगितली, आणि लोक आले. कल्पक जाहिरातीचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

चित्रपटगृह मिळवण्याचे भांडणही जुनेच. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’साठी दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाची तारीख ठरलेली असताना ते देव आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’ला देण्यात आले, आणि शिवसेनेने हस्तक्षेप केल्यावरच ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला. तो पुढे कसा चालला, हे सांगायला नको. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपटाचा एक खेळ सक्तीचा करण्याचे जाहीर केले, आणि त्यावर चर्चा होऊन ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. नियमाचा हेतू बरोबर होता. पण सक्तीने वेळ मिळते, बातमी मिळत नाही. खेळ सायंकाळचा असला आणि चित्रपट लागला आहे हेच कोणाला ठाऊक नसले, तर खुर्च्या रिकाम्याच राहतात. राज्य सरकार दर्जानुसार मराठी चित्रपटांना अनुदानही देते. त्याचा आधार मोठा आहे, परंतु ते येते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर, आणि प्रसिद्धीचा पैसा लागतो तो प्रदर्शनाच्या आधी.

या सगळ्यात गैरप्रकारही शिरतात. स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे घाऊक विकत घेऊन ‘हाऊसफुल्ल’चा देखावा उभा करणे, पैसे देऊन समाजमाध्यमांवर ठरावीक स्तुती लिहून घेणे, हे आता कोणाला नवे राहिलेले नाही. याचे नुकसान फसव्या चित्रपटाला होत नाही, ते पुढच्या खऱ्या चित्रपटाला होते. दोनदा फसलेला प्रेक्षक तिसऱ्या वेळी मोबाइलवर चित्रपट येण्याची वाट पाहतो, आणि तिसऱ्या वेळी कदाचित खरोखर चांगला चित्रपट लागलेला असतो.

नाटकाचा व्यवहार याहून सरळ असतो. मुंबई-पुण्याचे नाटक हुतात्मा स्मृती मंदिरात येते, तेव्हा अनेकदा स्थानिक कंत्राटदाराने तो प्रयोग ठरावीक रकमेला घेतलेला असतो. कलाकारांची नाइट म्हणजे प्रयोगाचे मानधन, सेटचा टेम्पो, बस आणि मुक्काम हे सारे त्या रकमेत आले. पाऊस पडला, परीक्षा आल्या किंवा त्याच दिवशी क्रिकेटचा सामना निघाला, तर तोटा कंत्राटदाराचा होतो. म्हणून तो ओळखीच्या चेहऱ्याचेच नाटक आणतो. प्रायोगिक नाटक आपल्या शहरात क्वचित येते, ते रसिकतेच्या अभावी नव्हे, एका माणसाने सगळी जोखीम घ्यायची असल्यामुळे.

चित्रकलेत मात्र पैशाची चाल अगदीच निराळी आहे. २ कोटींच्या आणि २०० कोटींच्या चित्रपटाचे तिकीट जवळपास सारखेच असते, म्हणून तेथे लाखो माणसे जमवावी लागतात आणि तीही तीन दिवसांत. चित्र एकच असते, त्याला ग्राहकही एकच लागतो. त्या एकाचा विश्वास तयार व्हायला मात्र कैक दशके जातात. प्रदर्शने, समीक्षा, संग्रहालयांची खरेदी, चित्र आधी कोणाकडे होते याची अखंड नोंद आणि लिलावगृहाची सूची, या सगळ्यांतून तो घडतो. तेही विपणनच, फक्त फार सावकाश चालणारे.

या दोन्ही जगांना जोडणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात जन्मला. मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मले आणि मुंबईत आल्यावर सुरुवातीची काही वर्षे त्यांनी चित्रपटांचे मोठे फलक रंगवून पोट भरले. म्हणजे आजच्या भाषेत ते चित्रपटाच्या प्रसिद्धी विभागात मजूर होते. पुढे १९५४ मध्ये त्यांनी रंगवलेले, सुमारे १४ फूट लांबीचे ग्रामजीवनाचे एक चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना, म्हणजे जवळजवळ ११८ कोटी रुपयांना विकले गेले. लिलावात विकल्या गेलेल्या आधुनिक भारतीय चित्राची ती तोपर्यंतची सर्वाधिक किंमत होती. हे चित्र दिल्लीत काम केलेल्या एका परदेशी डॉक्टरने १९५४ मध्येच घेतले होते आणि त्यांच्याकडून ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे आले, म्हणून विक्रीचा पैसा तेथे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी गेला. भारताच्या कॉपीराइट कायद्यात ५३अ हे कलम आहे. चित्राची पुनर्विक्री १० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. हे कलम न्यूयॉर्कच्या लिलावाला लागत नाही.

हुसेन यांनी तरुणपणी रंगवलेल्या फलकांना मात्र कोणतीच सूची नाही. त्या काळी चित्रपट उतरला की असा फलक पुसला जाई आणि त्याच कापडावर पुढच्या शुक्रवारचा चित्रपट रंगवला जाई.